नेमका शब्द, नेमकं गिऱ्हाईक

मैत्रिणींनो, प्रदर्शनात स्टॉल लावला की चार दिवस माल चांगला खपतो. पण प्रदर्शन संपलं की उरलेली पाकिटं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही घरी वाट बघत असतात. ज्यांनी माल नेला त्यांना तो पुन्हा हवा असतो, पण आपण त्यांना सापडत नाही. आजकाल बरेच लोक आधी मोबाईलवर गुगलमध्ये शोधतात. तिथं आपला गट कसा सापडेल, ते या पाठात शिकूया.

शोध कसा चालतो?
पुस्तकाच्या शेवटी विषयांची सूची असते, तशीच इंटरनेटवरच्या पानांची सूची गुगल ठेवतं. गिऱ्हाईक जे शब्द टाकतं, त्यांच्याशी जुळणारी पानं ते दाखवतं. नुसतं "मसाला" टाकून बघा, मोठ्या कंपन्याच वर येतील. त्या रांगेत आपला नंबर लागणं अवघड. आता "शेंगोळ्यासाठी हुलग्याचं पीठ" टाका. हे शोधणारे थोडे, पण जो शोधतो त्याला नेमकं तेच हवं असतं. स्पर्धाही कमी.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांची ओळख नुसत्या "बियाण्यां"ची नाही, "गावरान बियाण्यां"ची आहे. तसा आपल्या मालाचा नेमका शब्द कोणता, ते शोधायचं.

शब्द कसे शोधायचे?
१. गिऱ्हाईक फोनवर किंवा स्टॉलवर काय विचारतं, ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. "हातसडीचा तांदूळ आहे का?" हा शब्द आयता मिळाला.
२. गुगलमध्ये मालाचं नाव अर्धंच लिहा. खाली जे पर्याय येतात, ते लोकांनी केलेल्या शोधांवरूनच येतात. कामाचे उतरवून घ्या.
३. गावाचं नाव जोडा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण कोणी अजून "अहमदनगर" लिहितं, कोणी नुसतं "नगर". वर्णनात दोन्ही नावं येऊ द्या. शिर्डी किंवा भंडारदरा खरंच जवळ असेल तर तेही लिहा.

शब्द कुठं घालायचे?
गिऱ्हाईक तुमच्याकडं येत असेल किंवा तुम्ही घरपोच देत असाल, तर गुगलवर व्यवसायाची नोंद करता येते. नोंद फुकट आहे. फक्त घरपोच देत असाल तर घरचा पत्ता लपवता येतो. नावाच्या जागी गटाचं खरं नावच लिहा. तिथं "सर्वात स्वस्त पापड" असं घुसडलं तर नोंद बंद होऊ शकते. नेमके शब्द वर्णनात आणि मालाच्या माहितीत लिहा. "नोंद वर आणून देतो, पैसे भरा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

खोटा शब्द नको
प्रमाणपत्र नसेल तर पाकिटावर "सेंद्रिय" लिहू नका. "साखर बरी करणारं पीठ" असं तर कधीच नको; कायद्यानं अंगलट येतं. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही आणि चार जणींना सांगतं. माल आवडला असेल तर गिऱ्हाइकाला खरा अभिप्राय लिहायला सांगा. त्यासाठी सूट किंवा भेट देऊ नका, ते गुगलच्या नियमात बसत नाही.

पुढच्या बैठकीत करायचं काम
नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं सूत्र आहेच. विक्रीच्या वहीत एक रकाना वाढवा: "आमची माहिती कुठून मिळाली?" प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा आणि लिहा. नोंद आज केली आणि उद्या फोन वाजले, असं होत नाही. तीन महिन्यांनी तो रकाना मोजा. ज्या शब्दानं गिऱ्हाईक आलं तो ठेवा, बाकीचे बदला. मोबाईल चांगला चालवणारी एखादी लेक-सून गटात असेलच, नोंदीचं काम तिच्याकडं द्या. शब्द मात्र सगळ्या जणींनी मिळून सुचवा, कारण माल सगळ्यांच्या हातचा आहे.