हिरडा : कारण असेल तरच

विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात भगवान बुद्धांनी हिरडा, बेहडा, आवळा ही फळे औषध म्हणून जवळ ठेवण्याची भिक्खूंना परवानगी दिली आहे. नियम एकच : कारण असेल तेव्हाच घ्यावे, विनाकारण घेणे हा दोष.

हिरड्याचे झाड सह्याद्रीच्या जंगलात वाढते. नाटे, जैतापूर अशा किनाऱ्यावरच्या गावांत तो दुकानातूनच येतो. बद्धकोष्ठ झाले तर मोठ्या माणसाने अर्धा चमचा चूर्ण रात्री कोमट पाण्यातून घ्यावे. आवळा-बेहड्यासोबत त्याचाच त्रिफळा होतो. त्यातील टॅनिन चामडे कमावायलाही वापरतात. गरोदर बाईने हिरडा घेऊ नये. जुलाब होत असतील तर कोणीच घेऊ नये.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला गुटीत बाळहिरडा उगाळून देतात. ते थांबवा. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. सहाण, बोट, पाणी यांतून जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. तसे झाले तर अंगावरचे दूध चालू ठेवा, आशाताईंकडून ओआरएस आणा. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

घरातल्या आजींनी विचारले तर सांगा : कारण नसताना औषध नको, हा नियम बुद्धांचाच आहे.