घटक ५ : व्यक्तिमत्त्व, भावना आणि जीवनवृत्तांत – प्रा. आनंद परांजपे यांच्या संशोधनाचा परिचय

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष आणि त्यांचे मापन यांचा अभ्यास केला. प्रस्तुत घटकात त्याच्या पुढचा प्रश्न घ्यावयाचा आहे : व्यक्तिमत्त्व आणि भावना यांचा परस्परसंबंध काय?

पुण्याच्या कसबा पेठेतील एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. मानाच्या पहिल्या गणपतीची मिरवणूक निघाली आहे, ढोलताशांचा आवाज भिंतींना धडकतो आहे. वाड्यातील धाकटा भाऊ चप्पल घालण्याचेही भान न ठेवता रस्त्यावर धावतो. थोरला माजघराचे दार लोटून घेतो. आवाज एकच, घर एकच, अनुभव मात्र भिन्न. हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अंतर्मुख व्यक्तीचा मेंदू मुळातच अधिक उद्दीपित असतो, म्हणून तिला बाह्य उद्दीपन लवकर जड होते. बहिर्मुख व्यक्ती तेच उद्दीपन शोधत जाते.

हे स्पष्टीकरण उपयुक्त आहे. पण ते एका टप्प्यावर थांबते. कोणाच्या मनात कोणती भावना लवकर जागी होईल, एवढे गुणविशेष सांगतात. त्या भावनेचे माणूस पुढे काय करतो आणि ती त्याला किती बदलते, हे प्रश्नावलीतील गुणांवरून समजत नाही. आपल्यापैकी ज्यांनी जवळच्या माणसाचा मृत्यू पाहिला आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

५.२ संशोधकाचा परिचय

आनंद परांजपे यांनी पुणे विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली, हार्वर्ड विद्यापीठात एरिक एरिक्सन यांच्या मार्गदर्शनाखाली काही काळ संशोधन केले आणि कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. जात आणि पूर्वग्रह यांवरील त्यांचे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांचे लक्ष ‘स्व’ आणि ओळख या विषयांकडे वळले. १९९८ च्या ग्रंथात त्यांनी आधुनिक मानसशास्त्र आणि भारतीय विचार यांची या संदर्भात तुलना केली आहे. एरिक्सन यांनी ल्यूथर आणि गांधीजी यांच्या चरित्रांचा मानसशास्त्रीय अभ्यास केला होता, हे येथे लक्षात ठेवावे. जीवनवृत्तांताच्या पद्धतीचे मूळ तेथे आहे.

५.३ ज्ञाता, भोक्ता, कर्ता

पाश्चात्त्य मानसशास्त्रात मनाचे बोधन, भावन आणि संकल्प असे तीन व्यापार मानण्याची परंपरा आहे. परांजपे दाखवून देतात की, वेदान्तातील ‘जीव’ ही संकल्पनाही ज्ञाता, भोक्ता आणि कर्ता अशी त्रिविधच आहे. साम्य येथपर्यंत आहे. भारतीय परंपरेने मात्र या तीन अंगांपैकी प्रत्येकाला आत्मपरिवर्तनाचा एक मार्ग जोडून दिला : ज्ञात्याला ज्ञानमार्ग, भोक्त्याला भक्तिमार्ग आणि कर्त्याला कर्ममार्ग. म्हणजे भावना हा केवळ मोजण्याचा विषय राहत नाही. ती माणसाला घडविण्याचे साधन ठरते. या तीन मार्गांची उदाहरणे म्हणून परांजपे यांनी रमण महर्षी, संत तुकाराम आणि लोकमान्य टिळक यांचे जीवनवृत्तांत घेतले.

५.४ दोन जीवनवृत्तांत

यांपैकी दोन आपण पाहू. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली, व्यापार बुडाला. दुःखाबरोबर लाजही वाटली, असे त्यांनी स्वतःविषयीच्या अभंगांत सांगितले आहे. या भावना त्यांनी दाबल्या नाहीत. तळमळ, राग, रुसवा, भांडण हे सारे त्यांनी विठ्ठलाकडे वळवले आणि शब्दांत उघड केले. भक्तिमार्गात भावना क्षीण करावयाची नसते. तिचा विषय बदलावयाचा असतो, हे येथे स्पष्ट होते.

टिळकांचे उदाहरण वरवर उलटे वाटते. १९०३ मध्ये प्लेगने थोरला मुलगा विश्वनाथ गेला. १९१२ मध्ये ते मंडालेच्या तुरुंगात असताना पत्नी सत्यभामाबाई वारल्या. कर्मयोगी म्हणजे भावनाशून्य, असा आपला समज असतो. तथापि पत्नीच्या निधनानंतर त्यांनी भाच्याला लिहिलेल्या पत्रात हा आघात फार मोठा असल्याची कबुली आहे. ‘गीतारहस्या’चा मसुदा त्यापूर्वीच, १९१०-११ च्या हिवाळ्यात, लिहून झाला होता. स्थितप्रज्ञाविषयी लिहिणाऱ्या माणसालाही दुःख हादरवते. मात्र त्याचे काम थांबत नाही.

येथे जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांचे २००३ मधील संशोधन आठवावे. भावना सवयीने दडपणाऱ्या व्यक्तींना सुखद भावनांचा अनुभव कमी येतो आणि त्यांचे जवळचे संबंधही दुबळे राहतात. प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली असते. टिळकांचे मौन पहिल्या प्रकारात टाकण्याची घाई मात्र करू नये. रडू न येणे आणि रडणे लपवणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात.

५.५ पद्धतीच्या मर्यादा

जीवनवृत्तांताचा आधार कितपत विश्वसनीय मानावा? महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये, म्हणजे तुकारामांच्या निर्वाणानंतर शतकाहून अधिक काळाने पूर्ण केला. चरित्रकार भक्त असला की नायकाचे दुर्बल क्षण गळतात. टिळकांच्या चरित्रांतही हा दोष आहे. म्हणून स्वतःचे लेखन (अभंग, पत्रे) आणि इतरांनी रचलेली आख्याने यांचे वजन एकसारखे धरू नये. शिवाय तीन असामान्य व्यक्तींवरून सर्वसामान्यांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते परांजपे यांच्या मांडणीचे महत्त्व निष्कर्षांपेक्षा प्रश्नात अधिक आहे : भावना बदलता बदलता माणूस बदलतो का?

स्वाध्याय

१. ‘ज्ञाता, भोक्ता, कर्ता’ या त्रयीचा मनाच्या तीन व्यापारांशी असलेला संबंध स्पष्ट करा.

२. आयसेंक यांची उपपत्ती व्यक्तिमत्त्वाचा कोणता भाग स्पष्ट करते आणि कोणता करत नाही, ते स्वतःच्या उदाहरणाने लिहा.

३. उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची, तिची संमती घेऊन, मुलाखत घ्या. मोठ्या दुःखानंतर आपल्या स्वभावात काय बदलले असे तिला वाटते, ते विचारा. तिचे शब्द आणि तुमचा अर्थ वेगवेगळ्या पानांवर लिहा. नाव लिहू नका.