ड्राय सोल्डर : एका जुन्या रिसीव्हरची दुरुस्ती

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी सोल्डरिंगवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या घरात जुना रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा स्टिरिओ आहे, त्या घराला हा विषय परका नाही. चांगला चालणारा संच एके दिवशी एका बाजूने गप्प होतो, वर थापट मारली की बोलू लागतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा गप्प होतो. थापट मारल्याने आवाज का यावा, याचा विचार मात्र आपण करीत नाही. तो केला, तर पुष्कळदा असे दिसते की, यंत्राचे सर्व भाग शाबूत आहेत. बिघडला आहे तो दोन भागांमधला सांधा. हा सांधा कसा सुटतो, कसा शोधावा आणि कसा जोडावा, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे एका पेटीत बसविलेली तीन यंत्रे. रेडिओ केंद्रे पकडणारा ट्यूनर, क्षीण संकेत सुधारून पुढे पाठविणारा प्रीअँप्लिफायर आणि स्पीकर हलविण्याइतकी शक्ती देणारा पॉवर अँप्लिफायर. १९७० नंतरचे दशक हा या यंत्राचा भरभराटीचा काळ. पायोनिअर, सान्सुई, केनवुड, यामाहा अशा जपानी कंपन्यांत अधिकाधिक वॉटची चढाओढ लागली होती. पायोनिअरचा १९७८ चा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर तर दर चॅनेलला २७० वॉट देत असे. आखातात नोकरीस गेलेल्या आणि बोटीवर काम करणाऱ्या माणसांबरोबर असे काही संच आपल्याकडेही आले. माझ्या मामांनी १९७९ साली कुवेतहून आणलेला रिसीव्हर त्यांपैकीच एक.

गेल्या पावसाळ्यात या संचाची डावी बाजू बंद पडू लागली. सुरुवातीची वीस मिनिटे सारे ठीक. मग डाव्या स्पीकरमधून खरखर येई आणि आवाज जाई. मामांच्या आवडत्या एका तबकडीत सतार डाव्या बाजूला आणि तबला उजव्या बाजूला ध्वनिमुद्रित झालेला आहे. वीस मिनिटांनी सतार नाहीशी व्हावी आणि नुसता तबला वाजत राहावा, असा प्रकार सुरू झाला. एका दुरुस्तीवाल्याने संच उघडून पाहिला आणि सांगितले, “ह्याचे पार्ट आता येत नाहीत. भंगारात द्या, पितळ-तांब्याचे तरी पैसे येतील.” मामा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, “बघ रे, तुला काही जमतंय का. नाहीतर रविवारी भंगारवाला येतोच आहे.” मला शाळेपासून किरकोळ रेडिओ दुरुस्तीची आवड होती; पण एवढे मोठे यंत्र मी कधी उघडले नव्हते.

सांधा का सुटतो?

सोल्डर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला डाख, हे कथील आणि शिसे यांचे मिश्रण होय. त्या काळच्या यंत्रांत साधारणतः ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना; पण दोहोंचे हे मिश्रण १८३ अंशांना मऊ पडू लागते व १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोल्डर डिंकासारखे नुसते चिकटत नाही. तांबे पुरेसे तापलेले आणि स्वच्छ असेल, तर पातळ कथील त्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावून एक अतिशय पातळ थर तयार करते. हा थर झाला तरच सांधा झाला. तांबे थंड किंवा मळलेले असेल, तर सोल्डर त्यावर आळवाच्या पानावरील पाण्यासारखे गोळा होऊन बसते. त्याला कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

काही सांधे असे जन्मतःच कच्चे असतात. पण चाळीस वर्षे चांगला चाललेला सांधाही सुटतो, आणि त्याचे कारण उष्णता. प्रत्येक धातू तापला की प्रसरण पावतो, व प्रत्येकाचे प्रमाण निराळे. पॉवर ट्रान्झिस्टर ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसविलेले असतात, ती दहा सेंटिमीटर लांबीची पट्टी ४० अंशांनी तापली तर सुमारे ०.०९ मिलिमीटर वाढते. तेवढेच लांब तांबे ०.०७ मिलिमीटरच्या आतच राहते. फरक केसाहूनही बारीक. पण तो दररोज, संच लावताना आणि बंद करताना, सांध्याला ओढतो. सोल्डर हा मऊ धातू. तो वर्षानुवर्षे हे ताण सोसतो आणि शेवटी तारेभोवती गोल चीर पडते. त्यातच त्या काळच्या पुष्कळ पट्ट्यांना तांब्याचा थर एकाच बाजूला असे व भोके आतून धातूने मढविलेली नसत. म्हणजे सारा भार एका बाजूच्या सोल्डरच्या टिपक्यावर. संच गार असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, म्हणून आवाज येतो. तापला की त्या दूर होतात. थापटीने पुन्हा क्षणभर टेकतात. मामांच्या संचाची वीस मिनिटे आता समजू शकतील.

दोष शोधणे

येथे घाई नडते. आवाज जाण्याचे प्रत्येक कारण सोल्डर नसते. बटण फिरविताना खरखर येत असेल, तर दोष बहुधा त्या बटणाच्या आतील मळक्या संपर्कात असतो, व तेथे संपर्क साफ करणारा फवारा पुरतो. आवाज लहान असताना एक बाजू बंद आणि मोठा केला की एकदम सुरू, असे होत असेल तर स्पीकरचे रक्षण करणाऱ्या रिलेचे संपर्क काळे पडले आहेत असा संशय घ्यावा. बटणांशी संबंध नाही, पण उष्णतेशी किंवा धक्क्याशी आहे, असे दिसले तर सांधा शोधावा.

प्रथम संच बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल कराव्यात. बंद पडणारी बाजू बदलली नाही, म्हणजे डावा स्पीकर उजव्या तारांवर असतानाही डावाच गप्प झाला, तर दोष स्पीकरचा. आमच्याकडे दोष संचाकडेच राहिला. पुष्कळ रिसीव्हरांना मागे प्रीअँप्लिफायरचा संकेत बाहेर काढण्याची व पॉवर अँप्लिफायरला आत देण्याची सोय असते, आणि त्या दोहोंमध्ये धातूच्या लहान दुव्या असतात. त्या काढून मी दोन साध्या तारांनी डाव्या प्रीअँप्लिफायरचा संकेत उजव्या पॉवर अँप्लिफायरला आणि उजव्याचा डाव्याला दिला. वीस मिनिटांनी पुन्हा डावा स्पीकरच गेला; मात्र या वेळी त्यातून तबला नाहीसा झाला. म्हणजे प्रीअँप्लिफायर निर्दोष. दोष डाव्या पॉवर अँप्लिफायरच्या पट्टीवर. एक पैसा खर्च न होता निम्मे यंत्र संशयातून सुटले.

मल्टिमीटरने मात्र मला दगा दिला. गार असताना प्रत्येक सांधा त्याने जोडलेला दाखविला. ते खोटे नव्हते. गार असताना सांधे खरोखरच टेकलेले होते. जो दोष तापल्यावर उद्भवतो तो तापवूनच पाहिला पाहिजे. केस वाळविण्याच्या यंत्राने पट्टीचा एकेक भाग हलकेच तापविला आणि कोरड्या बांबूच्या काडीने सांध्यांजवळ टिचकी मारीत गेलो. आत येणारी संकेताची तार ज्या धातूच्या खुंटीवर होती, तिला काडी लागताच सतार गेली. काडी उचलताच आली. संच बंद करून, भिंग लावून व टॉर्चचा प्रकाश तिरपा धरून पाहिले, तेव्हा खुंटीभोवती केसासारखी काळी वर्तुळाकार रेघ दिसली. समोरून प्रकाश टाकला तर ती दिसत नाही.

विजेपासून सावधगिरी

या कामात जिवाशी गाठ आहे, हे विसरू नये. चालू संचात काडी लावताना एक हात पाठीमागे असावा. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. आणि २३० व्होल्टची तार जेथे आत येते त्या भागात काडीदेखील नेऊ नये. ज्याला हा भाग ओळखता येत नाही, त्याने चालू संच उघडूच नये. जाणकार शेजारी बसवावा. संच बंद करून प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत वीज साठलेली असते. त्यांच्या टोकांना २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर विद्युतरोधक पकडीने काही सेकंद धरावा, मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडण्याची जी पद्धत आहे, ती सर्वस्वी चुकीची. तिने कपॅसिटर व डोळे दोन्ही धोक्यात येतात. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा संच लावताना स्पीकर काढून ठेवावेत व वाटेत ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब एकसर जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखर जळत राहिला तर ताबडतोब संच बंद करावा.

डाखकाम

आता मी केलेली चूक सांगतो, कारण ती पुष्कळजण करतात. दोष शोधण्याआधी, उत्साहाच्या भरात, मी २५ वॉटच्या इस्त्रीने संशयास्पद दिसेल त्या प्रत्येक सांध्यावर नवे सोल्डर चढवावयास सुरुवात केली होती. मोठ्या सांध्याला ती इस्त्री पुरेना. मग मी ती दाबून धरली, दहा-पंधरा सेकंद. अखेर सोल्डर वितळले, पण पट्टीला चिकटविलेली तांब्याची चकती सुटून इस्त्रीबरोबर वर आली. कमी उष्णता जास्त वेळ देणे हे पुरेशी उष्णता थोडा वेळ देण्यापेक्षा घातक असते, हा धडा त्या चकतीने दिला. ती दुरुस्त करण्यासाठी पुढच्या तांब्याच्या रेघेपर्यंत बारीक तारेचा पूल बांधावा लागला.

योग्य रीत अशी. इस्त्री ५०-६० वॉटची, शक्यतो तापमान ठरविता येणारी, सुमारे ३५० अंशांवर. टोक ओल्या स्पंजावर पुसून त्याला किंचित सोल्डर लावावे. सांध्यावरील जुने सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने किंवा शोषक पिचकारीने काढून टाकावे, कारण त्यात वर्षांचा मळ व गंज मिसळलेला असतो. उघडी पडलेली तार काळी दिसली तर हलकेच घासावी व राळ असलेला फ्लक्स लावावा. मग इस्त्रीचे टोक तारेला आणि चकतीला एकाच वेळी टेकवावे, आणि सोल्डर इस्त्रीला न लावता तापलेल्या तारेला दुसऱ्या बाजूने लावावे. धातूच ते ओढून घेईल. हे काम दोन-तीन सेकंदांचे. आधी सोल्डर दूर करावे, नंतर इस्त्री. सांधा थिजेपर्यंत हलवू नये, त्यावर फुंकर घालू नये. चांगला सांधा गुळगुळीत, चकतीकडे पसरत उतरणारा दिसतो. गोळीसारखा फुगलेला असेल तर पुन्हा करावा.

युरोपीय संघाने २००६ पासून नव्या यंत्रांत शिशावर निर्बंध घातल्याने बाजारात बिनशिशाचे सोल्डरही मिळते. ते सुमारे २१७ अंशांना वितळते. जुन्या यंत्रात मात्र जुन्याच जातीचे सोल्डर वापरावे; दोन जातींची भेसळ टाळावी. शिसे विषारी असल्याने काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

खुंटीचा सांधा याप्रमाणे केला. त्याच्या ओळीतील आणखी दोन खुंट्यांभोवती भिंगातून तशीच सुरुवात दिसली, म्हणून त्याही केल्या. बाकी पट्टीला हात लावला नाही. सिरीज बल्ब मंद झाला. स्पीकरच्या टोकांवर मीटरने पाहिले, तर स्थिर दाब दोन्ही बाजूंना ३० मिलिव्होल्टच्या आत. म्हणजे स्पीकर जोडण्यास हरकत नव्हती.

शनिवारी रात्री मामांनी तबकडी लावली आणि समोर घड्याळ घेऊन बसले. वीस मिनिटे झाली, मग अर्धा तास. तबकडी उलटली. सतार तिच्या जागी होती. दुरुस्तीस लागलेले सोल्डर बोटाच्या पेराएवढेही नव्हते, आणि जो भाग बाजारात मिळत नाही म्हणून संच मोडीत निघाला होता, तो भाग मुळी बिघडलेलाच नव्हता.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा एखादा एका बाजूने मुका झालेला संच माळ्यावर पडला असेल, तर त्याने तो भंगारात देण्यापूर्वी एकदा तापवून, टिचकी मारून पाहावा, एवढीच विनंती. भंगारवाला रविवारी आला होता. मामांनी त्याला रद्दी दिली.