द्विसदस्य मतदारसंघ आणि राखीव जागा

अल्पसंख्य समाज सर्वत्र विखुरलेला असेल, तर सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ठरण्याच्या पद्धतीत त्याच्या मतांना संख्या असूनही जागा मिळत नाही. हा दोष दूर करण्याचा एक प्रयत्न स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन लोकसभा निवडणुकांत झाला. म्हैसूर मतदारसंघ हे त्याचे उदाहरण होय.

1952 साली म्हैसूरमधून दोन सदस्य निवडावयाचे होते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास प्रथम राखीव जागा दिली जाई. दुसऱ्या जागेसाठी मग उरलेल्या सर्वांचा विचार होई. काँग्रेसचे एन. राचय्या आणि किसान मजदूर प्रजा पक्षाचे एम. एस. गुरुपादस्वामी हे त्या वर्षी निवडून आले.

दुसरी जागा सर्वांना खुली असल्याचा अर्थ 1957 मध्ये स्पष्ट झाला. आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 1961 मध्ये द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने रद्द झाले. असे मतदारसंघ अवाढव्य होत, हे खरेच. परंतु म्हैसूरच्या दलित मतदाराचे त्यामुळे नुकसानही झाले. 1957 मध्ये म्हैसूरमधून निवडून आलेले एस. एम. सिद्दय्या 1962 मध्ये शेजारच्या चामराजनगर या राखीव मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि म्हैसूरची जागा सर्वसाधारण झाली.

आता प्रश्न उरतो तो असा, की राखीव जागेवरील प्रतिनिधी कोण निवडतो? 1932 च्या पुणे करारात प्रथम केवळ दलित मतदारांनी चार उमेदवार निवडावेत व त्यांतून सर्व मतदारांनी एक निवडावा, अशी तरतूद होती. राज्यघटनेने ही पहिली पायरी ठेवली नाही. त्यामुळे राखीव मतदारसंघातही बहुसंख्य मतदारांची पसंती निर्णायक ठरते.

म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे हा विधानसभा मतदारसंघ 2008 पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तेथील जंगलात राहणारे जेनु कुरुब आणि संख्येने मोठे असलेले नायक हे दोन्ही समाज त्याच यादीत येतात. जागा मात्र एकच आहे, आणि यादीतील कोणत्या जमातीने ती जिंकावी याविषयी कायदा काहीच सांगत नाही.