नवा बेल्ट, नवा आवाज

केजच्या एका गॅरेजात माझ्या जुन्या इंडिका डिझेलचा टायमिंग बेल्ट बदलला. गाडी सुरू केली, तर पूर्वी कधी नसलेला बारीक घूंऽऽ आवाज. रेस दिली की सूर चढायचा. मिस्त्री म्हणाले, "काही नाही भाऊ, नवा बेल्ट हाय. शे-दोनशे किलोमीटर पळाली की बसंल."

पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा ताणला जातो, सैलावतो. हा समज तिथूनच आला असावा. टायमिंग बेल्ट दातेरी असतो, आतून धाग्यांनी बांधलेला. तो असा 'बसत' नाही. ताण जास्त झाला असेल तर जास्तच राहतो आणि बेअरिंग खातो.

मी गाडी हलवली नाही. धारूरचा घाट रोजच्या वाटेवर, मागेपुढे उसाच्या ट्रॉल्या. तिथं बेल्ट गेला तर इंजिन बंद पडतं आणि ब्रेकही दगडासारखा होतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्वपाशी जागा फारच थोडी उरते, त्यामुळे बेल्ट तुटला की पिस्टन आदळून व्हॉल्व वाकतात, हेड खोलावं लागतं.

आधी अल्टरनेटरचा बेल्ट काढायला लावला आणि इंजिन क्षणभर चालवलं. आवाज तसाच! म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. (असं करून गाडी रस्त्यावर नेऊ नका, बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम देणारा पंप अल्टरनेटरवरच असतो.) मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, फिरत्या भागांपासून दूर राहून. टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या, बाजूला आवाज सगळ्यात मोठा. कव्हर उघडलं तेव्हा कळलं: बेल्ट नवा, टेन्शनर जुनाच ठेवलेला, वर बेल्ट जरुरीपेक्षा आवळलेला. टेन्शनर बदलून ताण मॅन्युअलप्रमाणे दिला, आवाज गेला.

सगळे आवाज सारखे नसतात. कव्हरला फटफट लागत असेल तर बेल्ट सैल आहे किंवा कव्हर नीट बसलेलं नाही. गाडी गार असताना चीं-चीं होते ती बहुधा बाहेरच्या बेल्टची. थोडं पाणी शिंपडल्यावर क्षणभर थांबली तर खात्रीच. ज्या इंजिनांत डिझेल पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, तिथं कडक खडखड वाढली, धूर बदलला किंवा पिकअप मेला, तर दात चुकला आहे का ते आधी बघावं. आणि स्पष्ट टक्-टक् धातूवर धातू वाजतोय असं वाटलं तर चावी लगेच बंद. "जरा रेस देऊन बघू" म्हणणाऱ्याचा हात धरा.

बेल्ट घातल्यावर इंजिन चावीनं नव्हे, पान्यानं हातानं फिरवायचं, क्रँकचे पूर्ण दोन फेरे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक होतो, तेव्हा सगळ्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही. या कामाला वेळ फार लागत नाही, तरी ते टाळलं जातं.

सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि बेल्टची पावती नसेल, तर मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. बेल्ट, टेन्शनर, आयडलर एकत्रच बदला आणि सीलमधून तेल गळतंय का तेही बघा. स्विफ्ट डिझेलसारख्या गाडीला मुळात टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते, तेव्हा कोणी टायमिंग बेल्टचे पैसे सांगितले तर उठून या. काम झालं की जुने सुटे भाग मागून घ्या आणि कव्हरवर रंगानं तारीख व किलोमीटर लिहून ठेवा.