फोनची मेमरी की मेमरी कार्ड : धंद्याचा डेटा ठेवायचा कुठे?



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल. त्यातलं सगळं इथे लिहून देतोय, आणि व्हिडिओत जे घाईत राहून गेलं तेही.

सुरुवात मागच्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. सिडकोत घरातूनच ब्लाउज शिलाई आणि आरी वर्क करतात. वही ठेवायची सवय नाही. गिऱ्हाईक आलं की मापाच्या चिठ्ठीचा फोटो, कापडाचा फोटो, ठरलेल्या डिझाइनचा फोटो. ॲडव्हान्स किती आला तेही त्याच चिठ्ठीवर लिहिलेलं. फोन ६४ जीबीचा, तो भरला. मग त्यांनी एका हातगाडीवरून २५६ जीबीचं कार्ड घेतलं. बिल नाही, आणि भाव दुकानातल्या कार्डाच्या निम्म्याहून कमी. फोनमधले सगळे जुने फोटो, व्हिडिओ त्यांनी कार्डावर हलवले आणि फोनमधून पुसून टाकले.

चार महिने सगळं सुरळीत. ऐन लग्नसराईत एक जुन्या गिऱ्हाईक आल्या, म्हणाल्या, "मागच्याच मापाने शिवा." ताईंनी फोटो उघडला तर करड्या रंगाचा चौकोन. त्याच्या पुढचा उघडला, तोही तसाच. फाइलचं नाव दिसतंय, तारीख दिसतेय, फोटो नाही. क्लासला येऊन म्हणाल्या, "सर, कार्ड तर अर्धंसुद्धा भरलं नव्हतं हो!"

तिथेच मेख होती. कार्ड २५६ चं नव्हतंच. अशा बनावट कार्डात आतली चिप खोटं सांगते. खरी जागा १६ किंवा ३२ जीबीची, पण फोनने विचारलं की ती उत्तर देते २५६. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर जुन्यावर लिहिला जातो, नाहीतर कुठेच लिहिला जात नाही. फोन मात्र "सेव्ह झालं" म्हणतो. फाइलींची यादी वेगळ्या ठिकाणी असते म्हणून नावं शाबूत राहतात. तो डेटा परत येत नाही. दुकानवाला सॉफ्टवेअर लावून आणून देतो म्हणाला तरी पैसे देऊ नका, कारण जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून?

आता ही गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, कार्ड नकोच बाबा. थांबा. दुसरी गोष्ट ऐका, ती बरोबर उलटी आहे.

वाळूजला पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणारे एक दादा. पावसात फोन भिजला, बोर्ड गेला. आजकालच्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आतली मेमरी एनक्रिप्टेड असते, म्हणजे कुलूपबंद, आणि त्या कुलुपाची किल्ली त्याच फोनच्या बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड मेला की मेमरीची चिप शाबूत असूनही वाचता येत नाही. दादांचे कॉन्टॅक्ट, चॅट, कोटेशन सगळं गेलं. पण चलनांचे आणि गेटपासचे फोटो कार्डावर होते. कार्ड काढलं, बायकोच्या फोनमध्ये टाकलं आणि त्याच संध्याकाळी पार्टीला चलनं पाठवली. अडकलेलं पेमेंट त्या कार्डामुळे निघालं.

म्हणजे प्रश्न "कोणतं चांगलं" असा नाहीच. कोणती वस्तू कुठे ठेवायची, हा आहे.

आधी वेगाचं बघू, कारण दुकानदार तेच सांगत नाहीत. फोनमधली मेमरी दोन प्रकारची येते. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी, त्याहून बऱ्या फोनमध्ये यूएफएस. ईएमएमसी ५.१ सेकंदाला साधारण अडीचशे एमबी वाचते, यूएफएस २.२ हजाराच्या घरात जाते. फोनमध्ये चालणारी बहुतेक कार्डं यूएचएस-१ प्रकारची असतात, आणि तिथे मर्यादाच सेकंदाला १०४ एमबीची आहे. शिवाय ॲप चालतं ते मोठी फाइल सलग वाचून नाही, हजार ठिकाणच्या बारीक फाइली उचलून. त्या कामात कार्ड फारच मागे पडतं. म्हणून बिलिंगचं ॲप, व्हॉट्सॲप बिझनेस, यूपीआय, बँक हे सगळं आतच हवं. व्हॉट्सॲप तर आपला डेटा तसाही फोनच्या मेमरीतच ठेवतं, कार्डावर ठेवायची सोयच देत नाही. तेव्हा "६४ चा फोन घेतो, वर कार्ड टाकतो" हा हिशोब व्हॉट्सॲपवर धंदा करणाऱ्याला लागू होत नाही. ग्रुपमधले गुड मॉर्निंगही आतल्याच जागेत साठतात! ऑटो डाउनलोड आजच बंद करा.

आता जागेचा हिशोब, कागद-पेन घ्या. समजा तुम्ही दिवसाला २० फोटो काढता, एक फोटो ४ एमबीचा धरा. झाले ८० एमबी. रीलसाठी एक-एक मिनिटाचे तीन व्हिडिओ, फुल एचडीत मिनिटाला साधारण १३० एमबी. झाले ३९०. दिवसाचे ४७० एमबी, महिन्यात कामाचे २६ दिवस धरले तर १२ जीबीच्या वर. १२८ चा फोन घेतला तर सिस्टिम आणि ॲप वगळून हाताला शंभरेक जीबी लागतात. म्हणजे दिवाळीत घेतलेला फोन आषाढात भरणार. आणि फोन काठोकाठ भरला की रडतखडत चालतो, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवायची. त्या हिशोबाने तो ज्येष्ठातच भरला म्हणा.

पण याच हिशोबात अजून एक गोष्ट दडलीये. ४७० पैकी ३९० एमबी व्हिडिओने खाल्ले. रील एकदा इन्स्टाग्रामवर गेली की कच्च्या व्हिडिओचं काम बहुतेक संपतं. आणि ज्यावर तुमचे पैसे अडकलेत ती मापं, चलनं, उधारीची पानं, बिलं? ती ८० एमबीत आली, आणि त्यातलीही काहीच. म्हणजे जागा खाणारा माल वेगळा आणि जपायचा माल वेगळा. जागा खाणारा कार्डावर टाका, बिनधास्त. जपायचा माल आकाराने एवढा लहान आहे की तो दोन-तीन ठिकाणी ठेवायला काहीच अडचण नाही. ताईंची चूक कार्ड घेण्यात कमी आणि "हलवण्यात" जास्त होती. कॉपी करायला हवं होतं, त्यांनी मूव्ह केलं.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो. अजिंठ्याची चित्रं खराब होत चालली म्हणून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ नंतर अनेक वर्षं तिथे राहून त्यांच्या मोठाल्या प्रती रंगवल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ पुन्हा प्रती केल्या, त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही अनेक गेल्या. इतक्या वर्षांची मेहनत, पण दोन्ही वेळा माल एकाच छपराखाली. तुमचा फोन आणि त्यातलं कार्ड हेसुद्धा एकच छप्पर आहे. फोन शहागंजच्या गर्दीत चोरीला गेला तर कार्डही त्याच्याच बरोबर जाणार. खिशातल्या फोनमधलं कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे, ती फक्त वाढीव जागा.

कार्ड घालताना फोन कधी कधी विचारतो, "पोर्टेबल म्हणून वापरायचं की इंटर्नल म्हणून?" ही सोय ॲन्ड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे, काही कंपन्या ती देत नाहीत. इंटर्नल केलं की कार्ड फोनचाच भाग बनतं, एनक्रिप्ट होतं आणि दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये वाचलं जात नाही. वाळूजच्या दादांनी हे केलं असतं तर कार्ड हातात असून चलनं गेली असती. धंद्यासाठी पोर्टेबलच ठेवा. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. पोर्टेबल कार्ड सहसा कुलूपबंद नसतं, ज्याच्या हाती पडलं तो वाचू शकतो. म्हणून गिऱ्हाईकाच्या आधारचा, पॅनचा किंवा चेकचा फोटो कार्डावर ठेवायचा नाही. लोकांनी ते कागद विश्वासाने दिलेले असतात.

खरेदीला पैठण गेटच्या बाजारात जाल तेव्हा आधी फोनचा ट्रे बघा. कित्येक फोनमध्ये एकाच खाचेत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्ही नाही. घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर असे दोन सिम वापरणाऱ्याला मग कार्ड विसरावंच लागतं. आयफोनमध्ये तर कार्डाची खाच कधीच नव्हती. सॅमसंगनेही २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ पासून आपल्या महागड्या एस मालिकेतून ती काढली. अशा वेळी १२८ आणि २५६ च्या मॉडेलमधला फरक विचारा, त्याला जितके महिने फोन वापरणार तितक्याने भागा. बहुतेक वेळा आकडा महिन्याच्या चहापेक्षा कमी निघतो. माझं मत विचाराल तर धंद्याच्या फोनला आता १२८ च्या खाली जाऊच नका, आणि खिसा परवानगी देत असेल तर २५६. जीएसटी नंबर असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या. मोबाइलवर १८ टक्के कर आहे आणि धंद्याच्या वापरासाठी घेतलेल्या फोनचं क्रेडिट मिळू शकतं. नेमकं तुमच्या बाबतीत कसं, ते सीएला विचारा.

कार्ड घेताना त्यावरच्या खुणा वाचायला शिका. इंग्रजी सी अक्षराच्या आत १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू अक्षरात ३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३०, मोठे व्हिडिओ काढणाऱ्यांनी हेच घ्यावं. ए१, ए२ या खुणा ॲप चालवण्यासाठीच्या. दुकानातल्या कॅमेऱ्यासाठी किंवा टेम्पोतल्या डॅशकॅमसाठी मात्र साधं कार्ड घेऊ नका. तिथे रात्रंदिवस लिहिणं-पुसणं चालतं आणि साधं कार्ड लवकर झिजतं. हाय एंड्युरन्स लिहिलेलं मागा. ६४ चं कार्ड फोनमध्ये साधारण ५९-६० दिसतं, ती फसवणूक नव्हे, मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

आणि नवीन कार्ड आणलं की त्यावर लगेच काही ठेवू नका. सायबर कॅफेत किंवा भाच्याच्या लॅपटॉपवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतं. काही तास लागतात, पण खोटं कार्ड तिथल्या तिथे उघडं पडतं. बिल असेल तर बदलूनही मिळतं.

राहिला ऑनलाइन बॅकअप. गुगल खात्यात १५ जीबी फुकट मिळतात. जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं त्यातच, आणि ॲन्ड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. तेव्हा व्हॉट्सॲप बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. कच्चे व्हिडिओ वर चढवत बसू नका, बिलं आणि चलनं चढवा. जीएसटी नोंदणी असलेल्यांना तर हे ऐच्छिक नाहीच. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. नोंदी इलेक्ट्रॉनिक असतील तर बॅकअप असा हवा की अपघातात मूळ नोंद गेली तरी ती परत उभी करता यावी. सहा वर्षं कोणता फोन टिकतो, सांगा! आणि कार्ड कपाटात सहा वर्षं टाकून ठेवलं तर तेही भरवशाचं नाही. फ्लॅश मेमरीतला चार्ज हळूहळू उतरतो, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर अजून लवकर. गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड विसरू नका.

ताईंचं पुढे काय झालं, असं व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन केला, खरं ते सांगितलं आणि मापं पुन्हा घेतली. दोघी-तिघी रागावल्या, एकीचा ॲडव्हान्स किती होता यावरून वाद झाला आणि ताईंनी तिचं म्हणणं मान्य करून टाकलं. आता मापाची चिठ्ठी फोनमध्ये असते, रात्री वायफायवर ड्राइव्हला जाते, आणि दर रविवारी ओटीजी रीडरने बिलासकट घेतलेल्या ६४ जीबीच्या कार्डावर कॉपी होते. ते कार्ड फोनमध्ये नसतं. मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत असतं. त्यावर त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, मुलाने गेमसाठी उचलू नये म्हणून.