भूत, जीवाश्म आणि बूमरँगसारखे डोके

काल्पनिक प्राणी पकडावयाचे, त्यांना शिकवून तयार करावयाचे आणि इतरांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावावयाची, असा पोकेमॉन या जपानी व्हिडिओ खेळाचा सर्वसाधारण क्रम असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये या खेळाचे ‘सोर्ड’ व ‘शील्ड’ असे दोन जोडभाग बाजारात आले. त्यांत ड्रीपी नावाचा अर्धा मीटर उंचीचा आणि २ किलोग्रॅम वजनाचा एक प्राणी आहे. तो म्हणे फार प्राचीन काळी समुद्रात राहत असे. मेल्यावर त्याचे भूत झाले आणि आता ते आपल्या जुन्या ठिकाणी भटकत असते. पुरेसा सराव मिळाला की ड्रीपीचे रूपांतर प्रथम ड्रॅकलोक या प्राण्यात आणि पुढे ३ मीटर उंचीच्या ड्रॅगापल्टमध्ये होते. ड्रॅगापल्टच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागे झुकलेली रुंद शिंगे असतात. त्या शिंगांच्या भोकांत तो ड्रीपींना बसवतो आणि झुंजीच्या वेळी ध्वनीपेक्षाही अधिक वेगाने त्यांना फेकतो.

हे सारे अर्थातच कल्पनेतील आहे. परंतु ड्रॅगापल्टचे डोके वरून पाहिले, तर पुराजीवविज्ञानाच्या अभ्यासकाला एका खऱ्या कवटीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ही कवटी डिप्लोकॉलस या प्राण्याची. तो भूत नव्हता आणि ड्रॅगनही नव्हता. तो एक उभयचर होता. खेळातील गोष्ट आणि खडकातील पुरावा शेजारी शेजारी ठेवले, तर नाहीशा झालेल्या प्राण्याविषयी वैज्ञानिक कसे बोलतात आणि कोठे थांबतात, हे चांगले समजते.

डिप्लोकॉलस कोण होता?

अमेरिकन पुराजीववैज्ञानिक एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७७ मध्ये या प्राण्याला नाव दिले. नावाचा अर्थ ‘दुहेरी दांडा’ असा होतो. पहिले अवशेष अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मिळाले होते. पुढे टेक्सासमधील तांबड्या खडकांत त्याच्या पुष्कळ कवट्या मिळाल्या. कार्बॉनिफेरस कालाच्या अखेरीपासून पर्मियन कालापर्यंत, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे काही कोटी वर्षे, हे प्राणी पृथ्वीवर होते. त्या वेळी डायनोसॉर अजून जन्माला यावयाचे होते.

प्राण्याची लांबी सुमारे १ मीटर. अंग चपटे, पाय दुबळे. डोळे कवटीच्या वरच्या बाजूस आणि पुढे, जणू तळाशी पडून वर पाहण्यासाठीच. मात्र सर्वांत विलक्षण होते ते डोके. कवटीच्या मागील कोपऱ्यांतील हाडे दोन्ही बाजूंना लांब वाढून मागे वळलेली होती, त्यामुळे संपूर्ण डोके बूमरँगसारखे दिसे. ही शिंगे गाई-म्हशींच्या शिंगांप्रमाणे डोक्यावर उगवलेली नव्हती, तर ती कवटीचाच भाग होती.

आता खेळातील तीन गोष्टी घेऊन त्या एकेक तपासू.

पहिली गोष्ट : समुद्रातील वास्तव्य

ड्रीपी समुद्रात राहत होता. डिप्लोकॉलस मात्र गोड्या पाण्यातील प्राणी होता. हे कशावरून? त्याचे जीवाश्म ज्या थरांत सापडतात, ते थर नद्या, ओढे आणि तळी यांच्या गाळाचे आहेत. शिवाय आजच्या बहुतेक उभयचरांना खारे पाणी मानवत नाही. त्यांच्या पातळ त्वचेतून पाण्याची सहज ये-जा होते. खाऱ्या पाण्यात तर्षणामुळे शरीरातील पाणी बाहेर जाऊ लागते. बेडकांत एखाददुसरा अपवाद आहे, पण नियम हाच.

डबक्यांत राहण्यात एक धोका असतो : डबके आटते. टेक्सासमधील सीमोर गावाजवळ ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या अभ्यासकांना एकाच बिळात आठ लहान डिप्लोकॉलसांचे अवशेष मिळाले. ही माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी आटल्यावर ओलसर चिखलात दडून बसलेले हे प्राणी असावेत. आपल्याकडील काही बेडूकही उन्हाळा असाच जमिनीत काढतात. पण त्या आठांपैकी काहींच्या हाडांवर डायमेट्रोडॉन या पाठीवर शीड असलेल्या शिकारी प्राण्याच्या दातांच्या खुणा आढळल्या. लपण्याची जागा शत्रूला सापडली होती. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची एक घटना दातांच्या काही ओरखड्यांवरून आपल्याला वाचता येते.

दुसरी गोष्ट : रूपांतर

ड्रीपीचा ड्रॅगापल्ट होतो, त्याला खेळात ‘उत्क्रांती’ म्हणतात. जीवविज्ञानात या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. एकटा प्राणी कधीही उत्क्रांत होत नाही. अनेक पिढ्यांच्या ओघात प्राण्यांच्या समुदायातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण बदलत जाते, त्या बदलास उत्क्रांती म्हणतात. सुरवंटाचे फुलपाखरू होते किंवा बेडकाच्या पिलाचा बेडूक होतो, ते रूपांतरण होय. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या दोन शब्दांची गल्लत पुष्कळदा आढळते.

गंमत अशी की डिप्लोकॉलसच्या एकाच आयुष्यात त्याचे डोके खरोखरच फार बदलत असे. एव्हरेट ओल्सन यांनी लहानमोठ्या अनेक कवट्यांची मापे घेऊन १९५१ मध्ये याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पिलांची कवटी साधी असून शिंगे अगदी आखूड असत. प्राणी मोठा होई तशी शिंगे कवटीच्या इतर भागांपेक्षा जलद वाढत.

अशा वाढीस असमप्रमाण वाढ म्हणतात. तिचे उदाहरण आपल्या घरातच सापडेल. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, तर प्रौढ माणसाचे सुमारे एक अष्टमांश. डोके लहान होत नाही. शरीराचे इतर भाग अधिक वाढतात. डिप्लोकॉलसमध्ये उलट शिंगेच पुढे धावत. यावरून सावधगिरीचा एक धडा मिळतो. एक लहान कवटी व एक मोठी कवटी मिळाली आणि मधल्या मापांच्या कवट्या मिळाल्या नाहीत, तर त्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत असे वाटणे अगदी सोपे आहे.

तिसरी गोष्ट : शिंगांचा उपयोग

ड्रॅगापल्ट शिंगांतून पिले फेकतो. डिप्लोकॉलस आपल्या शिंगांचे काय करत असे? याविषयी अनेक कल्पना मांडल्या गेल्या. रुंद डोके शत्रूला गिळणे कठीण जाई, ही एक. शिंगांमुळे जोडीदार आकर्षित होई, ही दुसरी. पाण्यातून पोहताना शिंगे विमानाच्या पंखासारखी काम करीत, ही तिसरी.

तिसऱ्या कल्पनेची प्रयोगाने परीक्षा घेता येते. दक्षिण आफ्रिकेतील क्रुकशँक व स्क्यूज या संशोधकांनी बाल्सा लाकूड आणि चिकणमाती यांपासून डिप्लोकॉलसच्या डोक्याची व शरीराच्या काही भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती केली आणि ती वातबोगद्यात ठेवली. त्यांचा निबंध १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे कोणीही विचारील : प्राणी पाण्यातला, मग प्रयोग हवेत कसा चालेल? याचे उत्तर रेनॉल्ड्स अंकात आहे. प्रवाहाचा वेग, वस्तूची लांबी आणि प्रवाहाची घनता यांच्या गुणाकाराला प्रवाहाच्या श्यानतेने, म्हणजे त्याच्या अंगच्या दाटपणाने, भागले की हा अंक मिळतो. वस्तूचा आकार तोच असून हा अंकही सारखा असेल, तर दोन्ही ठिकाणी प्रवाहाची वळणे सारखीच असतात. श्यानता भागिले घनता ही राशी पाण्यापेक्षा हवेत सुमारे १५ पट असते. म्हणून पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीवरून सेकंदाला १५ मीटर वेगाने हवा सोडली, की सेकंदाला १ मीटर वेगाने पोहणाऱ्या प्राण्याची परिस्थिती निर्माण होते.

बलाचे गणितही करून पाहू. बल हे घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम, पाण्याची १,००० किलोग्रॅम.

हवेसाठी : १.२ × १५ × १५ = २७०
पाण्यासाठी : १,००० × १ × १ = १,०००

म्हणजे वातबोगद्यात मोजलेले बल पाण्यातील बलाच्या पाव भागाहून थोडे अधिक भरेल. तेवढा हिशेब केला की हवेतील मापावरून पाण्यातील उत्तर मिळते.

प्रयोगात असे दिसले की या डोक्यावर चांगलेच उत्थापक बल निर्माण होते. वाहत्या पाण्याच्या तळाशी असलेल्या प्राण्याने डोके किंचित वर केले, की तो झटकन वर उचलला जाईल. वर पोहणारा मासा पकडण्यास ही सोय चांगली.

म्हणून प्रश्न सुटला काय? पूर्णपणे नाही. शिंगे असे काम *करू शकत*, इतके प्रयोगाने दाखविले. ती त्याच कारणासाठी उत्क्रांत झाली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय मोरोक्कोत सापडलेल्या डिप्लोकॉलसच्या एका जातीत डावे शिंग लांब व निमुळते, तर उजवे आखूड व बोथट आहे. अशा वाकड्या ‘पंखाचा’ उलगडा त्या कल्पनेने सहज होत नाही. ‘करू शकत’ आणि ‘करत असे’ यांतील हे अंतर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नेहमी लक्षात ठेवावे.

भूत पुन्हा फिरू लागले

२००४ च्या सुमारास इंटरनेटवर एक छायाचित्र फिरू लागले. त्यात बूमरँगसारख्या डोक्याचा, ओलसर अंगाचा प्राणी दिसत होता आणि तो जिवंत सापडल्याचे सांगितले जात होते. प्रत्यक्षात ती जपानमध्ये १९९२ साली एका मासिकाच्या स्पर्धेसाठी केलेली डिप्लोकॉलसची प्रतिकृती होती. करणाऱ्याचे कौशल्य वाखाणण्यासारखे होते. दोष चित्राचा नव्हता, चित्राखाली लिहिलेल्या खोट्या मजकुराचा होता.

त्या प्रतिकृतीची त्वचा, तिचा रंग आणि तकाकी कोठून आली? करणाऱ्याच्या कल्पनेतून. हाडे रंग सांगत नाहीत. शिंगे आणि शरीर यांच्या मध्ये त्वचेचा पडदा ताणलेला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. तसे असल्यास जिवंतपणी हे डोके बूमरँगसारखे दिसतही नसेल! पाठ्यपुस्तकातील सुंदर चित्रांतही पुरावा आणि कल्पना यांची सरमिसळ असते. त्यांतला कोणता भाग कोणाचा, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

असे पुरावे केवळ दूरदेशीच मिळतात असे नाही. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेल्या एका लहान, रुंद कवटीचे वर्णन सर रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले आणि तिला ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हा उभयचर ट्रायासिक कालातील असून डिप्लोकॉलसच्या गटातील नव्हे. पण विदर्भाच्या मातीनेही असा एक जुना रहिवासी जपून ठेवला होता, हे आपल्याला माहीत असावे.

करून पहा

१. घमेल्यात किंवा टबात पाणी घ्या. एक सपाट ताटली पूर्णपणे बुडवून आडवी धरा आणि पुढे ओढा. नंतर तिची पुढील कड थोडी वर उचलून त्याच वेगाने ओढा. हाताला काय जाणवते? कड फारच वर केली तर काय होते?

२. घरातील किंवा शेजारच्या निरनिराळ्या वयांच्या दहा जणांची उंची व डोक्याची लांबी मोजा. दर वेळी डोक्याच्या लांबीला उंचीने भागा आणि वयाप्रमाणे आलेख काढा. रेषा कोठे तीव्रतेने उतरते?

विचार करा

१. शिंगे केवळ जोडीदाराच्या आकर्षणासाठी असती, तर नर व मादी यांच्या कवट्यांत कोणता फरक दिसण्याची अपेक्षा करता येईल?

२. प्रतिकृती निम्म्या आकाराची असती, तर वातबोगद्यातील हवेचा वेग किती ठेवावा लागला असता?

३. तुमच्या आवडत्या खेळातील एखादा काल्पनिक प्राणी घ्या. त्याच्याविषयीची कोणती विधाने जीवाश्मांवरून तपासता आली असती आणि कोणती कधीच तपासता आली नसती?